टोपाचा टोप

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. लगेच झाकण शोधायला जाऊ नका. मी भाताचा नव्हे, डोक्यावर घालायचा टोप आहे. हवं तर हेल्मेट म्हणा. मोटारसायकलवाल्यांचं नाही, अंतराळातलं. अर्थात अंतराळ मी कधी पाहिलेलं नाही. माझा जन्म झाला नाहूर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका बैठ्या चाळीत, स्वयंपाकाच्या ओट्यावर, एका शुक्रवारी दुपारी. मला घडवणारीने त्याआधी आयुष्यात काहीसुद्धा घडवलेलं नव्हतं. शाळेत केलेली तिची कागदी होडीदेखील एका अंगाला कलायची, असं तिचे वडील सांगतात.

माझ्याकडे नीट पाहिलंत तर डाव्या बाजूला, कानाच्या जरा वर, अंगठ्याएवढा एक पोचा दिसेल. लोकांना वाटतं मी कुठेतरी आपटलो असेन. मी कधीच आपटलेलो नाही. तो पोचा मुळात माझा नाहीच, तो मला वारशाने मिळाला आहे. त्याचीच हकीकत मला सांगायची आहे.

त्या घरात तेव्हा दोनच माणसं होती. धोंडिराम ओव्हाळ आणि त्यांची मुलगी संघमित्रा. धोंडिराम दिंडोशीच्या कोर्टात शिपाई होते आणि पुकारा करणं हे त्यांचं काम होतं. 'अमुक तमुक, हाजीर हो!' अशी त्यांनी हाक दिली की जिन्यात चहा पीत बसलेला माणूससुद्धा कप टाकून धावायचा. संघमित्रा मुलुंडला चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिची आई कमल दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली होती. ती गेल्यापासून धोंडिरामांचा आवाज कोर्टातच काय तो निघायचा. घरी आले की दोन-चार शब्दांवर भागायचं.

कमलची बाकी भांडी त्यांनी विहाराला देऊन टाकली होती. एक मात्र ठेवलं होतं. रोजच्या भाताचा टोप. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पाच माणसांचा भात होईल एवढा. मी त्याला थोरला म्हणतो. का म्हणतो ते पुढे कळेलच. थोरला मांडणीवर पालथा ठेवलेला असायचा. दर रविवारी धोंडिराम तो खाली काढायचे, काथ्याने लख्ख घासायचे आणि पुसून परत पालथा ठेवायचे. त्यात भात मात्र कधी शिजत नव्हता. जेवणाचा डबा शेजारच्या जानकीकाकूंकडून यायचा. धोंडिरामांनी लेकीला एकच गोष्ट बजावून ठेवली होती: "बाकी घरात काय पण कर, त्या टोपाला हात लावायचा नाही."

आता माझं कुळ सांगतो. संघमित्रा लहान असताना रविवारी सकाळी टीव्हीवर एक मालिका लागायची. दूरच्या कुठल्याशा ग्रहावर एक भलंमोठं लोखंडी दार आणि त्या दारावर कायम उभा असलेला एक पहारेकरी. त्याचं नाव प्रहरी-नऊ. तो हसायचा नाही, बसायचा नाही, आणि त्याचा चेहरा कधी कुणी पाहिला नाही. कारण डोक्यावर होता चपट्या माथ्याचा, सरळसोट बाजूंचा चंदेरी टोप. मायलेकी जमिनीवर बसून ही मालिका बघायच्या. कमल बघता बघता तांदूळ निवडायची आणि प्रहरी पडद्यावर आला की दर रविवारी न चुकता ओरडायची, "बघा, माझा टोप पळवला मेल्याने!"

संघमित्रा हसून लोळायची. एकदा तर कमलने खरंच थोरल्याला डोक्यावर चढवलं आणि लाटणं खांद्याला लावून दारात पहाऱ्याला उभी राहिली. दूधवाला आल्या पावली परत गेला. त्या दिवशी तिघांनी कोरा चहा प्यायला, आणि तो चहा फार गोड लागला होता असं संघमित्रा अजून सांगते.

तर मित्रांनो, आई गेल्यावर दोन वर्षांनी संघमित्राला मोबाइलवर एक आमंत्रण आलं. त्या जुन्या मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा मुलुंडच्या एका हॉलमध्ये भरणार होता. ज्याला जमेल त्याने आपल्या हाताने मालिकेतली एखादी वस्तू करून आणायची. हुबेहूब वस्तूला बक्षीस. संघमित्राने ते आमंत्रण दिवसातून दहादा वाचलं आणि ठरवलं की आपण प्रहरीचा टोप करायचा.

ठरवणं सोपं असतं. तिने इंटरनेटवरून टोपाचा आराखडा उतरवला आणि झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. दुकानातल्या मशीनने आराखडा कागदात मावावा म्हणून आपणहून लहान करून टाकला, हे नवशिकीला कुठून कळणार? चार संध्याकाळी खपून तिने पुठ्ठा कापला, चिकटवला, आणि शेवटी जे उभं राहिलं ते नारळाच्या डोक्यावर बसलं असतं. धोंडिरामांनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं.

"कुणाच्या बाहुलीचं गं?"

"माझं आहे, पप्पा."

"डोकं बारीक करून घे मग," ते म्हणाले आणि पेपर वाचायला बसले. कित्येक दिवसांत त्यांनी केलेली ती पहिली थट्टा होती.

तो माझ्या आधीचा भाऊ म्हणायचा, पण त्याच्याबद्दल मला फारसा आदर नाही. तो दुसऱ्याच दिवशी कचऱ्यात गेला.

मेळाव्याला तीन दिवस उरले. संघमित्रा कुर्ल्याला जाऊन चपलांच्या तळव्याला लावतात तो काळा फोम आणि चपला चिकटवायचं पिवळं सोल्युशन घेऊन आली. फोम गरम केला की नरम होतो आणि कशावरही बसतो, एवढं तिला कळलं होतं. प्रश्न असा होता की बसवायचा कशावर? बादली मोठी, डबा अरुंद. शुक्रवारी तिने दुकानातून रजा घेतली. धोंडिराम कोर्टात गेले. ती घरात इकडेतिकडे बघत राहिली आणि तिची नजर मांडणीवर गेली. चपटा माथा, सरळसोट बाजू. आई जे दर रविवारी ओरडून सांगत होती, ते इतकी वर्षं तिला ऐकूच आलं नव्हतं.

तिने थोरल्याला खाली काढून डोक्यावर घातलं. बरोबर बसला. तासाभराचं तर काम आहे, पप्पा यायच्या आत पुसून जागच्या जागी ठेवू, असं तिने स्वतःला समजावलं. मित्रांनो, जगातले निम्मे घोटाळे याच वाक्याने सुरू होतात.

फोम गरम करायला तिच्याकडे काही यंत्र नव्हतं, म्हणून तिने इस्त्री घेतली. फोमवर त्या दिवशीचा पेपर पसरला आणि वरून इस्त्री फिरवली. फोम नरम झाला खरा, पण पेपरची शाई माझ्या पोटाला लागली. आजही माझ्या आत डोकावलंत तर उलटी अक्षरं दिसतील: 'नाहूर, भांडुप, मुलुंडमध्ये शनिवारी पाणी नाही.' अंतराळातल्या पहारेकऱ्याने ही बातमी का बाळगावी, हे त्यालाच विचारा.

मग तिने मला पालथ्या थोरल्यावर लपेटलं आणि दोन्ही हातांनी दाबत दाबत बसवलं. माथ्यावर एक गोल चकती. जिथे जिथे सांधा आला तिथे सोल्युशन, आणि तेही सढळ हाताने. दाबता दाबता डाव्या बाजूला तिचा अंगठा अचानक आत गेला. थोरल्याला तिथे एक पोचा होता. तिने तिथेही नीट दाबलं. मी त्या पोच्यात शिरून बसलो. आणि मित्रांनो, खरं सांगतो, त्या क्षणी मी फोम राहिलो नाही, मी टोप झालो. वरून जुन्या ओढणीने करकचून बांधून तिने मला सुकायला ठेवलं.

तासाभराने ओढणी सोडली आणि मला ओढलं. मी हललो नाही. तिने गुडघ्यात धरून ओढलं, पिळलं, सुरीची पाठ घालून पाहिली. सांध्यांतून सोल्युशन आत झिरपलं होतं आणि मी गार होताना आक्रसलो होतो. थोरल्यावर आधी प्लास्टिक गुंडाळायचं असतं, हे जगातल्या प्रत्येक कारागिराला माहीत होतं. फक्त तिला नव्हतं. जानकीकाकू डबा द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगो बाये, ह्या काय करून ठेवलंस गो? कमलचो टोप ना तो?"

संघमित्राला रडू फुटलं. सहाच्या सुमाराला धोंडिराम आले. त्यांनी चपला काढल्या, पाणी प्यायलं आणि सवयीने मांडणीकडे पाहिलं.

"टोप कुठाय?"

तिने बोट दाखवलं. ओट्यावर मी होतो. काळा, वेडावाकडा, आणि माझ्याखालून थोरल्याची चंदेरी कड तेवढी दिसत होती. धोंडिरामांनी वाकून ती कड बोटाने चाचपली. त्यांनी ओरडायला हवं होतं, आम्हा तिघांनाही बरं वाटलं असतं.

"काढ ते," ते शेवटी म्हणाले.

"निघत नाही, पप्पा. मी कापते त्याला. आत्ता कापते." तिने कटर उचलला. कटरचं पातं माझ्या अंगावर टेकलं तेव्हा मला आयुष्याची पहिली भीती वाटली. मी जन्मून तीन तास झाले होते.

"कापून काय होणार? आतल्या भांड्यावर चरे पडतील. काय करत होतीस तू ह्याचं?"

"प्रहरीचा टोप. आई म्हणायची ना, माझा टोप पळवला मेल्याने. म्हणून..."

धोंडिराम खाली बसले. त्यांनी तिच्या हातातला कटर काढून घेतला आणि माझ्या डाव्या बाजूला हात फिरवला. त्यांचा अंगठा पोच्यात जाऊन थांबला.

"हा पोचा कसा पडला, ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"लग्नाला दोन महिने झाले होते. सिनेमाला नेतो म्हणालो होतो तिला. आलो कधी, तर सिनेमा सुटल्यावर. ती नळावर होती. मला बघितलं आणि हा टोप असा आदळला कठड्यावर, अख्खी चाळ बाहेर आली. त्या दिवशी मला भात नाही मिळाला, हा पोचा मिळाला." ते किंचित हसले. "नंतर स्वतःच म्हणायची, रागात भांडं हातात धरू नये. हा कटर राहू दे. उद्या बघू."

असा मी वाचलो. ज्या पोच्याने मला थोरल्याला घट्ट धरून ठेवलं होतं, त्याच पोच्याने मला कटरपासून सोडवलं.

दुसरा दिवस शनिवार. कोर्टाला सुट्टी होती आणि माझ्या पोटातल्या बातमीप्रमाणे नळाला पाणी नव्हतं. धोंडिराम सकाळपासून मला मांडीवर घेऊन बसले होते. कधी सुलटा, कधी उलटा. मध्येच त्यांनी जानकीकाकूंना हाक मारली. साधी नव्हे, कोर्टातली. चाळीतली चार माणसं दारात आली.

"काकू! एकात एक पेले अडकले की कमल काय करायची?"

"काय म्हणजे? आतल्या पेल्यात गार पाणी, भायरच्याक गरम. आपसूक सुटतत."

"मग आमचा पण एकात एक अडकलाय. बर्फ आहे का?"

बर्फ आला. पिंपातलं पाणी जपून काढलं. थोरल्याला सुलटं केलं, त्यात पिण्याचं स्वच्छ पाणी आणि बर्फ भरला. एका टबात कढत पाणी ओतून आम्हा दोघांना त्यात बसवलं. बाहेरून मी ऊबेने सैल पडत होतो, आतून थोरला गारठत होता. संघमित्राने मला धरलं, धोंडिरामांनी थोरल्याची कड धरली. दोघांनी श्वास रोखला आणि ओढलं. 'पुक्' असा आवाज झाला आणि आम्ही दोघं वेगळे झालो. मला एकदम पोकळ वाटलं. मी आयुष्यात पहिल्यांदाच रिकामा होतो.

थोरला शाबूत होता. कुठेकुठे पिवळ्या सोल्युशनचे डाग होते; धोंडिरामांनी ते अंगठ्याने चोळून चोळून काढले. संघमित्रा थोरल्यातलं बर्फाचं पाणी मोरीत ओतायला निघाली.

"ए, ओतू नको! आज पाणी नाही."

"मग काय करू ह्याचं?"

धोंडिराम थोरल्याकडे बघत राहिले. टोप होता, टोपात पाणी होतं, आणि जेवायची वेळ झाली होती. ते उठले आणि थोरल्याला गॅसवर ठेवलं. डब्यातून तांदूळ काढून धुतले, त्यात सोडले आणि बोटाच्या पेराने पाणी मोजलं. दोन वर्षांनी थोरल्याखाली जाळ लागला. भात खालून करपला, वरून थोडा कच्चा राहिला, आणि बापलेकींनी तो टोप खरवडून संपवला. मी ओट्यावर सुकत पडलो होतो. त्या घरात जेवताना बोलतात, हे मला तेव्हा कळलं.

दुपारभर मग दोघं माझ्यामागे लागले. खालून गळ्यापर्यंत एक पट्टी जोडली, डोळ्यांपुढे फट कापली, तिला चष्म्याच्या दुकानातल्या जाहिरातीचा धुरकट प्लास्टिकचा तुकडा लावला. खिडकीच्या गजांना लावतात तो चांदी रंग धोंडिरामांनी ब्रशने दिला. ब्रशचे केस अजून माझ्या माथ्याला चिकटलेले आहेत.

रविवारी आम्ही तिघं रिक्षाने मेळाव्याला गेलो. मी संघमित्राच्या मांडीवर. हॉलमध्ये मी इतर टोप पाहिले आणि माझी वाट लागली. काय ते गुळगुळीत टोप! आरशासारखे! मला घालून संघमित्रा रांगेत उभी राहिली. आतून तिला धड दिसत नव्हतं, ऐकू तर मुळीच येत नव्हतं. तिचं नाव तीनदा पुकारलं तरी ती जागची हलेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "संघमित्रा धोंडिराम ओव्हाळ, हाजीर हो!" अख्खा हॉल गप्प झाला आणि ती धावत स्टेजवर गेली.

परीक्षक एक तरुण मुलगा होता. त्याने टॅबवर मूळ टोपाचं चित्र उघडलं आणि माझ्याभोवती फिरला.

"ताई, शेप मस्त आलाय. पण लेफ्टला पोचा आहे बघा. ओरिजिनल टोपाला हा नाहीये."

"त्याच्या टोपाला नसेल," संघमित्रा म्हणाली. "आमच्या टोपाला आहे."

हुबेहूब नसल्यामुळे आम्हाला फक्त उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ते प्रमाणपत्र धोंडिरामांनी कोर्टात नेऊन सगळ्या पट्टेवाल्यांना दाखवलं.

त्यानंतरची तीन-चार वर्षं माझ्या भरभराटीची. चाळीतल्या एकाही मुलाला वेशभूषेचं पारितोषिक माझ्याशिवाय मिळालं नाही. कुणाला मी अंतराळवीर झालो, कुणाला रोबो, आणि एका पठ्ठ्याने तर मला घालून 'मी पाण्याची टाकी आहे' असं भाषण ठोकलं. माझ्या पोटातली बातमी पाहता ते अगदी खरं होतं. खाली गॅसवर थोरल्यात रोज भात शिजायचा, वर मांडणीवर थोरल्याच्या जागी मी पालथा असायचो. वाफ माझ्यापर्यंत यायची. मला तेवढं पुरेसं होतं.

पण मित्रांनो, शिकाऊ माणूस शिकाऊ राहत नाही. संघमित्राचा हात बसत गेला. तिने गरम हवेचं यंत्र घेतलं, प्लास्टिक गुंडाळायला शिकली, तिचे पुढचे टोप सुबक झाले. एकदा तिने मला खाली काढलं, बाजूला पुट्टीचा डबा ठेवला आणि माझ्या पोच्यावरून बोट फिरवत स्वतःशी म्हणाली, "हा भरून काढायला पाहिजे यार. किती घाण दिसतो." तेवढ्यात दुकानातून फोन आला आणि ते राहून गेलं. मला मात्र ते लागलं. मग तिचं लग्न झालं, ती चैतन्यबरोबर चेंबूरला राहायला गेली. जाताना चांगले टोप नेले. मी माळ्यावर गेलो, जुन्या पंख्याशेजारी. माझा रंग पापुद्रे धरून गळायला लागला. एका झुरळाने माझ्या डोळ्यांच्या फटीत बिऱ्हाड केलं. तीन वर्षं मला कुणी हात लावला नाही. खोटं कशाला बोलू, मी रुसलो होतो.

यंदा चाळ पाडून टॉवर करायचं ठरलं. धोंडिराम निवृत्त झाले होते. टॉवर होईपर्यंत त्यांनी लेकीकडे राहायचं ठरलं आणि बांधाबांध सुरू झाली. शेवटच्या दिवशीपर्यंत त्यांनी थोरल्यात भात केला. मग त्याला घासून, पेपरात गुंडाळून एका गोणीत ठेवलं. भंगाराची गोणी तशीच होती, शेजारीच होती. भंगारवाला आला तेव्हा धोंडिरामांनी स्वतःच्या हाताने गोणी उचलून त्याला दिली. चुकीची.

चूक चेंबूरला पोचल्यावर कळली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आणि संघमित्रा भांडुपच्या भंगाराच्या दुकानात गेले.

"चाचा, जर्मन का माल तो कल ही दब गया," दुकानदार म्हणाला आणि त्याने चेपलेल्या चंदेरी ठोकळ्यांची रास दाखवली. त्यांतला थोरला कोणता, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

धोंडिराम घरी येऊन खिडकीशी बसले. संघमित्राने नवा स्टीलचा टोप आणला. "मला भाकरी चालेल," ते म्हणाले. चार दिवस त्यांनी भाताला हात लावला नाही. "दुसऱ्या कुणी हरवला असता तर त्याच्यावर ओरडलो तरी असतो," एवढंच एकदा म्हणाले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी संघमित्रा चाळीतून आणलेलं माळ्यावरच्या सामानाचं खोकं उघडत होती. पंख्याच्या पात्यांखाली मी सापडलो. तिने झुरळाला हाकललं, फडक्याने माझी धूळ पुसली. पुसता पुसता तिचा अंगठा आत गेला आणि ती थांबली. पुट्टीचा डबा तिला आठवला असावा, कारण तिने मला एकदम छातीशी धरलं. मग ती खिडकीशी गेली आणि मला वडिलांच्या मांडीवर ठेवलं.

धोंडिरामांनी मला भांड्यासारखं सुलटं धरलं. त्यांचा डावा हात माझ्या बाजूवरून सरकत आला आणि अंगठा पोच्यात बसला. बरोबर बसला. थोडाही हलला नाही.

"हाच," ते म्हणाले. "हाच तो."

"ह्यात भात नाही शिजायचा, पप्पा."

"नको शिजू दे."

आणि मग त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांनी मला डोक्यावर घातलं. इतकी वर्षं मी चाळभरच्या पोरांच्या डोक्यावर बसलो, पण हे डोकं मला नवीन होतं. त्यांचा श्वास माझ्या पोटातल्या उलट्या अक्षरांवर येत होता. धुरकट प्लास्टिकमुळे बाहेरून त्यांचे डोळे दिसत नव्हते. माझ्या आत ते वाहत होते. मग त्यांनी हाक दिली. कोर्टातलीच, पण अगदी हळू. माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाऊ नये अशी.

"कमल धोंडिराम ओव्हाळ, हाजीर हो."

पण संघमित्राने ती ऐकली होती. मग तिने कमरेवर हात ठेवले आणि आईच्या अस्सल ठसक्यात ओरडली, "बघा, माझा टोप पळवला मेल्याने!"

माझ्या आत काहीतरी हादरलं. मला आधी वाटलं रडणं आहे. पण ते हसणं होतं, पोटातून आलेलं, गुदमरलेलं, माझ्या भिंतींवर आपटून घुमणारं. ते हसत हसतच म्हणाले, "पळवला गं बाई. मीच पळवला. माफ कर." त्या संध्याकाळी त्यांनी नव्या टोपातला भात खाल्ला, दोनदा वाढून घेतला.

मित्रांनो, आता मी चेंबूरच्या घरात असतो. संघमित्राचे सुबक टोप काचेच्या कपाटात आहेत. मी स्वयंपाकघरात, मांडणीवर, पालथा. मी हुबेहूब नाही, हे मला मान्य आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखं काही वेडंवाकडं असेल, कुणाच्या तरी शिकाऊ हातांनी केलेलं. त्याची धूळ पुसा, रंग गळाला असेल तर रंग द्या. पण पुट्टीचा डबा उघडण्याआधी एकदा घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, हा पोचा कसा पडला. एवढीच माझी विनंती आहे. आता पुरे करतो. भात होत आला आहे, आणि दर रविवारप्रमाणे जेवणाआधी धोंडिराम मला पुसायला घेणार आहेत.